गावठाणाची रेघ



गेल्या महिन्यात भाच्याचा पुण्याहून फोन आला. "आत्या, गावाकडे दोन गुंठ्यांचा एक तुकडा मिळतोय. एजंट म्हणतो, गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आत आहे, काही काळजी करू नका. ही गावठाणाची हद्द म्हणजे नक्की काय गं?"

प्रश्न एका ओळीचा, पण उत्तर पावणेदोनशे वर्षांचे आणि त्याहूनही जुने. फोनवर ते मावेना, म्हणून म्हटले, सवडीने लिहितेच. मी इतिहास शिकवला तो पाठ्यपुस्तकातला, लढायांचा आणि तहांचा. गावठाणाच्या रेघेचा धडा मात्र कोणत्याच इयत्तेला नव्हता. खरे तर आपल्या खेड्यापाड्यातल्या माणसाचे आयुष्य पानिपतापेक्षा या रेघेने जास्त ठरवले आहे.

सुरुवात रंगांपासून करू. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानत. पिकाची ती काळी आणि घरांची ती पांढरी. काळी का, ते सांगायला नको. पांढरी का, तर शेकडो वर्षे एकाच जागी मातीची घरे पडत राहतात, त्यांच्यावर नवी उठतात, चुलीची राख आणि शेणकचरा साचत जातो आणि त्या मातीला पांढुरका रंग येतो. जुनी पांढरी ओसाड पडली की तिचे टेकाड उरते. शेतकरी तिथली माती गाड्या भरभरून खत म्हणून रानात नेत. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले, तेही अशाच टेकाडांवर. तिथली वस्ती तीन हजार वर्षांहून जुनी निघाली. म्हणजे "एका जागी घरे आणि भोवती शेती" ही आपली रीत किती मुरलेली आहे पाहा.

या पांढरीभोवती गावकूस असे, म्हणजे मातीची किंवा दगडमातीची भिंत. तिला वेस. रात्री वेस बंद. चोरदरोडे, जनावरे आणि पुढे पेंढाऱ्यांच्या धाडी, यांपासून राखण करायला ती भिंत होती. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' हे १९१५ सालचे पुस्तक ज्यांनी वाचले असेल त्यांना गावाची ही सगळी मांडणी ठाऊक असेल. आत्रे स्वतः महसूल खात्यातले, त्यामुळे गाव त्यांनी आतबाहेर पाहिलेले.

पण गावकूस म्हटले की "आत कोण?" याबरोबर "बाहेर कोण?" हाही प्रश्न आलाच. गावाची राखण करणारे, सांगावे पोचवणारे, मेलेली ढोरे ओढणारे, त्यांची घरे भिंतीच्या बाहेर. म्हणजे ज्यांनी गाव राखायचे, त्यांनाच गावाची भिंत राखत नसे. त्यावरून पडलेल्या म्हणी मी इथे लिहीत नाही, पण आमच्या पिढीने त्या सर्रास ऐकल्या आहेत. 'गावकुसाबाहेर' हा शब्द भिंती पडून गेल्यावरही मराठीत जिवंत राहिला. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्यांच्या कौतुकावर जी कडक टीका केली, तिच्यामागे हा अनुभव होता. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाट्या बदलल्या, चांगलेच झाले. जागा मात्र बहुतेक ठिकाणी होती तिथेच आहे.

आता भिंतीची रेघ कशी झाली ते पाहू.

पेशवाई १८१८ साली संपली. धाडी थांबल्या, तशी गावकुसाची डागडुजीही थांबली. भिंती ढासळू लागल्या. त्याच सुमारास नव्या सरकारला जमीन मोजून सारा ठरवायचा होता. पहिला मोठा प्रयत्न रॉबर्ट प्रिंगल या अधिकाऱ्याचा. त्याचा हिशेब कागदावर फार हुशारीचा, पण आकारणी रयतेला झेपेना. त्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ साली नव्याने काम सुरू केले ते कुठे? तर आमच्या इंदापूर तालुक्यात! माझी निम्मी नोकरी याच तालुक्यात झाली, म्हणून हे सांगताना थोडा अभिमान वाटतो. पुढे मुंबई इलाख्यात जी मोजणी आणि आकारणीची पद्धत पसरली, तिचा श्रीगणेशा इंदापुरात झाला.

मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. भाच्याचे दोन गुंठे आले ते थेट त्या साखळीतून. प्रत्येक शेताला नंबर पडला, हद्दीचे दगड रोवले गेले, तीस वर्षांसाठी सारा ठरला.

आता गंमत पाहा. हे सगळे चालले होते साऱ्यासाठी. घरांच्या जागेला शेतसारा नव्हता. म्हणून मोजणीदाराने गावाच्या पांढरीभोवती एक रेघ ओढली आणि आत 'गावठाण' असे लिहून तो पुढच्या शेताकडे वळला. आत कोणाचे घर किती, कोणाचे अंगण कुठवर, याच्याशी सरकारला काही देणेघेणे नव्हते. रेघेचा अर्थ इतकाच, की इथून आत सारा नाही.

परंतु कागदावरची रेघ भिंतीपेक्षा चिवट असते. भिंत पावसात ढासळते, नकाशा दप्तरात सुरक्षित राहतो. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने सांगितले, शेतीची जमीन दुसऱ्या कामासाठी वापरायची तर कलेक्टरची परवानगी हवी. तिथून ती रेघ साऱ्याची न राहता घराची झाली. आत घर बांधा, कोणी विचारणार नाही. बाहेर बांधायचे तर परवानगी काढा. हीच गोष्ट १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आली. आपण जिला 'एन.ए.' म्हणतो ती हीच. त्याच संहितेच्या कलम १२२ ने गावठाणाची हद्द ठरवण्याचा आणि बदलण्याचा अधिकार कलेक्टरला दिला. म्हणजे रेघ हलू शकते. कायदा तिला दगडावरची मानत नाही, हे लक्षात ठेवा.

याच संहितेत आणखी एक तरतूद आहे. शेती करणाऱ्याला आपल्या शेतात शेतघर बांधता येते आणि त्यात कुटुंबाने राहायलाही हरकत नाही. विहिरी झाल्या, कालवे आले, ऊस आला, तशी बागायतदार मंडळी गावातल्या दाटीतून उठून मळ्यात राहायला गेली. आज आपल्याकडे वाड्या-वस्त्या दिसतात, त्या अशाच वाढल्या. त्यात वाईट काहीच नाही. पण ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याने काय करायचे? त्याला रेघेबाहेर शेतघर बांधता येत नाही आणि रेघेच्या आत जागा नाही. दोन भावांचे चार झाले, चारांचे नऊ, आणि खोल्या त्याच तीन. म्हणजे सरकारने साऱ्यापुरती ओढलेली रेघ जमीनवाल्याला ओलांडता येते आणि भूमिहीनाला नाही. मला या सगळ्या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

"रेघ हलवणे सोपे नसते हो बाई," असे एका भाऊसाहेबांनी (आमच्याकडे तलाठ्याला भाऊसाहेब म्हणत) मला सांगितले होते. पण आमच्या तालुक्यात तर अख्खी गावेच हललेली आम्ही पाहिली आहेत. भीमेवर उजनी धरण झाले ते १९८० साली. इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत या तालुक्यांतली नदीकाठची पांढरी आणि काळी दोन्ही पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ आजही उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते आणि माणसे होडीतून दर्शनाला जातात. नवी गावठाणे माळावर आखली गेली. सरळ रस्ते, चौकोनी भूखंड, शाळेला जागा, चावडीला जागा, स्मशानाला जागा. यासाठी १९७६ साली पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदाही झाला.

अशाच एका नव्या गावठाणातल्या शाळेत मी काही वर्षे होते. तिथल्या म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, "बाई, हितं घर हाय, पर शेजार न्हाई." जुन्या गावात भिंतीला भिंत, आढ्याला आढे. इथे दोन घरांमध्ये बारा हात मोकळी जागा. पण त्याच नव्या गावात मी आणखी एक गोष्ट पाहिली. नकाशा नव्याने काढायचा म्हटल्यावर, जी घरे जुन्या गावात पार ओढ्यापलीकडे होती, त्यांतली काही थेट रस्त्याला लागून आली. शेतकऱ्याला मोठा भूखंड आणि बिगरशेतकऱ्याला लहान, हा भेद होताच. तरी पण सातशे वर्षांत जे घडले नाही ते एका नकाशाने थोडेफार घडवले. धरणाने लोकांचे फार नुकसान केले, ते मी विसरत नाही. पण सरकारला गरज पडली की गावठाण नव्याने आखता येते, हे तिथे सिद्ध झाले.

माणसाला गरज पडली की काय होते? तेही सांगते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्याच तालुक्यातल्या एका गावात (नाव मुद्दाम देत नाही) गावठाण वाढवायचा विषय ग्रामसभेत निघाला. झेंडावंदन झाल्यावर शाळेच्याच पटांगणात सभा, त्यामुळे आम्ही शिक्षक हजर. विषय वाचला तेव्हा "वाढवायलाच पाहिजे" असे सगळेच म्हणाले. एकही विरोध नाही. मग कोणीतरी विचारले, "कुठल्या बाजूला?" आणि सभा पेटली.

ज्यांचे रान गावाला लागून होते ते म्हणाले, पूर्वेला वाढवा. त्यांच्या शेताचे प्लॉट होणार होते. त्यांच्या पलीकडचे बागायतदार म्हणाले, पूर्वेला नको, गटाराचे पाणी आमच्या उसात येईल, आणि एकदा काळी गेली की परत येत नाही. एक आजोबा उठून म्हणाले, गायरानाला हात लावू नका, जनावरे कुठे चरतील? बारामतीच्या कारखान्यात कामाला जाणारी पोरे म्हणाली, आम्हाला शेतीही नाही करायची आणि शहरात घरही परवडत नाही, आम्हाला गावातच दोन खोल्या बांधू द्या. सरपंच म्हणाले, वाढलेल्या वस्तीला पाणी आणि दिवे द्यायला पंचायतीकडे पैसा कुठे आहे?

मंडळी, यातले एकही म्हणणे खोटे नव्हते. आजही कोणत्याही गावात विषय काढा, हीच पाच मते निघतील. काळी वाचवायला हवी, हे खरे. गायरान हे सगळ्यांचे, हेही खरे. पोरांना घर हवे, हे तर खरेच.

सगळ्यात शेवटी, बायकांच्या बाजूने एक शेतमजूर बाई उभी राहिली. तिचा मुलगा माझ्या वर्गात होता. ती म्हणाली, "तुमचं समद्यांचं ऐकलं. आमी कुठं ऱ्हायाचं त्येवढं सांगा." आणि खाली बसली. तिला कोणी उत्तर दिले नाही. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. मी त्या गावात असेपर्यंत तो पुन्हा निघाला नाही.

उत्तर मिळाले नाही म्हणून माणसे राहायची थांबत नाहीत. ती बाई आणि तिच्यासारखी कुटुंबे गायरानाच्या कडेला पत्र्याची घरे घालून राहिली. नव्या मुंबईकडे अशा घरांना फार नेमका शब्द आहे, 'गरजेपोटी बांधलेली घरे'. तिथे सिडकोने गावांच्या जमिनी घेतल्या, गावठाणे आवळली गेली आणि पुढच्या पिढीने रेघेबाहेर घरे बांधली. आमच्याकडे असा शब्द नाही. आमच्याकडे म्हणतात 'अतिक्रमण'. शब्द बदलला की माणसाची किंमत कशी बदलते, हे भाषेच्या शिक्षकाने वेगळे सांगायला नको!

सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी पंजाबातल्या एका खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचा आदेश सगळ्या राज्यांना दिला. धनदांडग्यांनी तळी आणि गायराने गिळली होती, त्यामुळे निकाल योग्यच. भूमिहीनांना सरकारने रीतसर दिलेल्या जागांसारखे अपवाद त्यातही सांगितले होते. पण ज्याला कोणी रीतसर काही दिलेच नाही, तो अपवादात बसत नाही. २०२२ साली महाराष्ट्रात गायरानांवरची अतिक्रमणे काढायचा विषय उच्च न्यायालयात निघाला तेव्हा गावोगावी नोटिसा आल्या आणि लोकांची झोप उडाली. धनदांडगा आणि गरजू दोघांनाही एकाच नमुन्याचा कागद!

दुसरीकडे तुकडेबंदी. १९४७ चा हा कायदा शेतीचे बारीक तुकडे होऊ नयेत म्हणून आला. हेतू उत्तम. पण त्यामुळे एक-दोन गुंठ्यांचे खरेदीखत होईना. मग लोक साध्या स्टँपवर व्यवहार करू लागले. पैसे गेले, ताबा मिळाला, सातबाऱ्यावर नाव नाही. मोठा शेतकरी एकर विकतो तेव्हा कायद्याची अडचण नाही. घरापुरते दोन गुंठे घेणाऱ्याला मात्र अडचणच अडचण.

अलीकडे वारे थोडे बदलले आहे. संहितेत कलम ४२-ड आले आणि गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीला, ठरलेली रक्कम भरल्यावर, वेगळी एन.ए. परवानगी काढायची गरज राहिली नाही. एजंट सांगतो ते हेच. (भाच्या, तरीही एजंटच्या मीटरवर जाऊ नकोस, भूमी अभिलेखचा नकाशा आधी बघ!) २०२५ साली सरकारने तुकडेबंदीही नागरी भागात आणि गावठाणालगत सैल करायला घेतली. गावठाणाच्या आतली मोजणी, जी गोल्डस्मिड साहेबाच्या काळापासून राहिली होती, तीही आता होते आहे. १९६६ च्या संहितेत दोन हजारांवर लोकसंख्येच्या गावांसाठी तशी सोय होती, पण लहान गावे राहूनच गेली. तिथल्या घराला सातबारा नाही आणि मिळकत पत्रिकाही नाही, ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा हाच काय तो आधार. मल्हारगडाच्या पायथ्याच्या सोनोरी गावात ड्रोनने मोजणीचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी देशभरासाठी 'स्वामित्व' योजना जाहीर झाली. आता घराचा रीतसर कागद मिळतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरात राहिलो त्याचा कागद हातात पडल्यावर म्हातारी माणसे तो पुन्हा पुन्हा उलगडून बघतात.

पण ड्रोन वरून काय पाहतो? जे घर आहे ते. ज्याचे घर नाही तो त्याला दिसत नाही. आणि २०० मीटरची सवलत कोणाला? ज्याची २०० मीटरमध्ये जमीन आहे त्याला. त्या पट्ट्यातल्या गुंठ्याचा भाव सवलतीनंतर वाढतो आणि मजुराच्या आवाक्यातून आणखी दूर जातो. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाटीच्या भागात घराला १ लाख २० हजार रुपये ठरले, पण स्वतःची जागा हवी. जागेसाठी राज्याने वेगळे अर्थसाहाय्य दिले ते आधी ५० हजार, मग एक लाख. चांगली गोष्ट आहे. पण रस्त्यालगतच्या गावात या पैशांत अर्धा गुंठा तरी मिळतो का, ते तुम्हीच आपापल्या गावी विचारून पाहा.

मग मार्ग काय? मी काही नगररचनाकार नाही. पण इतक्या वर्षांच्या वाचनातून आणि पाहण्यातून मला एक क्रम दिसतो. गावठाण वाढवताना पहिला प्रश्न "कुठल्या बाजूला?" हा विचारला, की जमीनवाल्यांचे भांडण सुरू होते आणि बिनजमिनीचा माणूस बाजूला पडतो. पहिला प्रश्न "कोणासाठी?" हा हवा. गावात घर नसलेली कुटुंबे किती, याची यादी आधी ग्रामसभेत मोठ्याने वाचा. प्रत्येकी दोन गुंठे धरले तरी वीस कुटुंबांना एक एकर पुरतो, रस्ते धरून दीड एकर म्हणा. एवढ्यासाठी काळी संपत नाही आणि गायरानही संपत नाही. आधी ती जागा रीतसर काढा, मग ज्याला प्लॉट पाडायचे त्याने पाडावेत. 'गाव करी ते राव न करी' असे आपण म्हणतो. मग गावाने एवढे करायला हरकत नसावी.

गावकूस पावसाने पाडले, ते कोणी मुद्दाम पाडले नाही. ही रेघ मात्र आपोआप पुसली जाणार नाही. ती धरणासाठी हलली, रस्त्यासाठी हलली, दोनशे मीटर प्लॉटांसाठीही हलली. शाळेच्या पटांगणात उभ्या राहिलेल्या त्या बाईसाठी ती अजून हलायची आहे. तिचा मुलगा आता चाळिशी ओलांडून गेला असेल, आणि त्याचीही मुले असतील.

असो. लेख लांबला, सवयच आहे! तुमच्या गावचे गावठाण शेवटचे कधी वाढले, आणि तेव्हा आधी कोणाला जागा मिळाली? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि मला जरूर लिहा. अशा गोष्टी पुस्तकात मिळत नाहीत, त्या आपणच लिहून ठेवायला हव्यात.